गिरगावचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग

मुंबईत गिरगाव भागात प्रार्थना समाज या नावाचा एक नाका आहे. बसचा वाहक हे नाव पुकारतो, दुकानांच्या पाट्यांवर ते वाचावयास मिळते. ज्या संस्थेवरून हे नाव पडले ती संस्था डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी स्थापन झाली. धर्मसुधारक आणि नामांकित डॉक्टर म्हणून आत्माराम इतिहासाला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या हातून आणखी एक कार्य घडले. गिरगावचा समुद्र, त्यात येऊन पडणारी गटारे आणि त्या गटारांच्या मुखाशी राहणारे इवलेसे जीव यांच्याशी त्या कार्याचा निकटचा संबंध आहे.

आत्माराम यांचा जन्म १८२३ साली मुंबईत झाला. घराणे तर्खडकरांचे आणि विद्येची आवड असणारे. थोरले बंधू दादोबा यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामुळे पुढे मराठी भाषेचे पाणिनी अशी त्यांची ख्याती झाली. दुसरे बंधू भास्कर यांनी १८४१ साली एका इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारच्या कारभारातील अन्याय निर्भयपणे चव्हाट्यावर मांडला. अशा दोघा भावांच्या पाठीवर आलेल्या मुलाला जे दिसेल त्याविषयी प्रश्न विचारण्याची सवय लागली, यात नवल ते काय!

त्या काळचे गिरगाव आजच्यासारखे चाळींनी व दुकानांनी गजबजलेले नव्हते. तेथे माडांच्या वाड्या होत्या. गायवाडी, खेतवाडी, केळेवाडी ही नावे आजही त्या दिवसांची साक्ष देतात. वाड्यांच्या पश्चिमेस समुद्र होता. अद्याप मध्ये आगगाडीचा रुळमार्ग नव्हता, की दगडी बांध नव्हता. भरतीचे पाणी वाळूवर चढे व ओहोटीबरोबर उतरून जाई. ओले खडक आणि वाळू उघडी पडली म्हणजे खेकडे बिळांतून बाहेर येत; खडकांवर कालवे चिकटलेली असत, आणि वाळूत तिसऱ्या व शंख मिळत. कोळी लोकांना या जीवांची पुरती ओळख होती. कोणता जीव कोठे सापडतो आणि कोणत्या महिन्यात तो खाण्यास चांगला, हे त्यांना सांगता येई. मात्र हे ज्ञान तोंडी होते. ते कोणी लिहून ठेवीत नव्हते.

१८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आत्माराम तेथील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत आत्माराम होते व त्यांचे सहाध्यायी भाऊ दाजी हेही होते. शवविच्छेदन करणे, औषधी वनस्पती ओळखणे, रोग्याच्या लक्षणांची बारकाईने टिपणे ठेवणे, हे शिक्षण त्या काळी अगदी नवे होते. डोळ्यांनी पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे आणि मग मत बनवावे, ही त्या शिक्षणाची शिस्त होती. आत्माराम यांच्या पुढच्या आयुष्यात ती शिस्त वारंवार दिसून येते.

ज्या शहरात हे तरुण डॉक्टर रोगी तपासू लागले, ते शहर मोठ्या झपाट्याने वाढत होते आणि तितक्याच झपाट्याने घाण होत होते. रस्त्यांच्या कडेने उघडी गटारे वाहत. पटकी व देवी यांच्या साथी येत आणि माणसे पटापट मरत. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात, हे तेव्हा सिद्ध व्हावयाचे होते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास ओळखला तो १८८४ साली. तोपर्यंत बहुतेक डॉक्टर कुजक्या घाणीतून निघणाऱ्या दूषित हवेला दोष देत. घाण घरापासून दूर करावी, हे त्यावरील साधे उत्तर होते. दूर म्हणजे कोठे, हा प्रश्न मुंबईसारख्या बेटावर कोणाला पडला नाही. चहूकडे समुद्र होता, आणि तो अथांग वाटे.

पुढे १८६० साली विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. लोकांचे पाण्यावाचून होणारे हाल त्यामुळे पुष्कळ कमी झाले. परंतु घरात पाणी जितके अधिक येते, तितकेच सांडपाणी अधिक बाहेर पडते. ते वाहून न्यावयास पुरेशी गटारे नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गटारांच्या योजना आखल्या गेल्या. मैल्याचे पाणी वेगळ्या नळांतून वरळीकडे न्यावयाचे आणि पावसाचे पाणी दुसऱ्या गटारांतून जवळच्या किनाऱ्यावर सोडावयाचे, अशी दुहेरी व्यवस्था हळूहळू उभी राहिली. ही कल्पना चांगली होती. पावसाचे पाणी शुद्धच असणार, मग ते समुद्रात सोडण्यास हरकत कोणती, असा विचार तीमागे होता.

या काळात आत्माराम यांचे मन समाजाच्या दुखण्यांतही गुंतले होते. जातिभेद मोडावा म्हणून १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेत दादोबांबरोबर तेही होते. ती सभा गुप्तपणे चाले, व पुढे ती मोडली. मग ३१ मार्च १८६७ रोजी आत्माराम यांच्या गिरगावातील घरी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. हे काम मात्र उघडपणे चालले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान पुढे त्यात आले. बालविवाहाला विरोध, विधवाविवाहाला पाठिंबा आणि स्त्रीशिक्षण ही या मंडळींची ध्येये होती. आत्माराम यांनी ती आपल्या घरापासून आचरिली. त्यांची कन्या अन्नपूर्णा इंग्लंडात राहून शिकून आली होती. १८७८ साली विलायतेस निघालेले सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर काही काळ याच कुटुंबात राहिले, आणि इंग्रजी रीतिरिवाज अन्नपूर्णेकडून शिकले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७९ मध्ये, आत्माराम मुंबईचे शेरीफ झाले.

येथवर पाहिले असता हे चरित्र त्या काळच्या अन्य सुधारकांसारखेच दिसते. परंतु वयाच्या साठाव्या वर्षी, ज्या वयात माणसे नवे उद्योग आटोपते घेतात, त्या वयात आत्माराम यांनी एका अगदी निराळ्या कामास हात घातला.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात आठ माणसे जमली. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून आत्माराम यांचे सहाध्यायी भाऊ दाजी यांनी जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह फार खटपट केली होती. १९७५ पासून त्यास भाऊ दाजींचेच नाव आहे. भाऊ दाजी मात्र तेव्हा हयात नव्हते. जमलेल्यांपैकी सहा जण युरोपीय होते व दोन भारतीय. त्या दोघांपैकी एक आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन ग्रँट महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि तेही गिरगावातच राहत. पुढे प्रसिद्धीस आलेल्या डॉ. रखमाबाई यांचे ते सावत्र वडील. या आठ जणांनी त्या दिवशी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे मुंबईची निसर्ग-इतिहास संस्था, स्थापन केली.

संस्थेचा आरंभीचा उद्देश अगदी साधा होता. महिन्यातून एकदा जमावे. पाहिलेले पशू, पक्षी, सर्प, कीटक, वनस्पती यांविषयी बोलावे. सापडलेले नमुने एकमेकांना दाखवावे. नमुने वाढले तेव्हा जागा अपुरी पडू लागली, व संस्थेला बिऱ्हाड बदलावे लागले. १८८६ पासून संस्थेने आपले नियतकालिक काढले, आणि तेव्हापासून सभासदांची निरीक्षणे छापून राहू लागली. छापून राहणे ही लहानशी गोष्ट वाटेल. परंतु कोळ्यांच्या पिढ्यांपिढ्यांच्या माहितीला जे भाग्य लाभले नव्हते, ते या टिपणांना लाभले.

या नियतकालिकात १८९३ च्या सुमारास अलेक्झांडर अ‍ॅबरक्रोम्बी यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर सामान्यपणे आढळणाऱ्या शंखशिंपल्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडातील शंखतज्ज्ञ जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांच्याबरोबर मुंबईच्या समुद्रातील मृदुकाय प्राण्यांची, म्हणजे शंखशिंपल्यांत राहणाऱ्या मऊ शरीराच्या जीवांची, शास्त्रीय यादी मँचेस्टर येथे छापविली. तेव्हा आत्माराम सत्तरीत होते. यादी करणे हे काम कंटाळवाणे आहे. किनाऱ्यावर वाकून फिरावे, शंख वेचावे, धुवावे, मोजावे, प्रत्येकाचे नाव शोधावे. त्यात ना टाळ्या, ना जयजयकार. तथापि डॉक्टराला या कामाची किंमत चटकन कळते. निरोगी माणसाची नाडी कशी चालते हे ज्याने टिपून ठेवलेले नाही, त्याला आजाऱ्याची नाडी बिघडली आहे हे कसे कळावे?

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ शिरली. हजारो माणसे मृत्यू पावली, लाखो लोक शहर सोडून गेले. गटारे, अंधाऱ्या खोल्या व दाट वस्ती यांचा विचार पुन्हा सुरू झाला. ही साथ चालू असतानाच, २६ एप्रिल १८९८ रोजी, आत्माराम पांडुरंग निवर्तले.

त्यांच्यामागे गिरगावचा किनारा फार पालटला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्र हटवून भिंत बांधली गेली व मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला. वाड्यांच्या जागी चाळी, आणि चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. जमीन जेव्हा मोकळी होती, तेव्हा पावसाचे बरेचसे पाणी तीत मुरत असे. आता डांबर, सिमेंट आणि छपरे यांवर पडलेला थेंब सरळ गटारात जातो. मुंबईत वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांतच. शहराच्या किनाऱ्यावर पावसाळी गटारांची शंभराहून अधिक मुखे आहेत; गिरगाव चौपाटीच्या पट्ट्यातही ती आहेत.

पावसाचे पाणी शुद्ध असते, हा जुना समज येथे चुकीचा ठरला. आकाशातून पडताना ते बरेच स्वच्छ असेल. रस्त्यावरून वाहत गेल्यावर ते तसे राहत नाही. आठ महिने साचलेली धूळ, मोटारींचे तेल, झिजलेल्या टायरांचे कण, पत्र्यांवरील जस्त, वाहनांच्या ब्रेकांतील तांबे, कुजका भाजीपाला, प्लास्टिक, हे सर्व जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर एकदम समुद्रात उतरते. शिवाय मैल्याचे पाणी अनेक ठिकाणी पावसाळी गटारांत शिरते. त्यामुळे जी गटारे उन्हाळ्यात कोरडी असावयास हवीत, त्यांतूनही काळे पाणी वाहत असते. मैल्याच्या मोठ्या वाहिन्या आता वरळी व वांद्रे येथून तीन किलोमीटरांहून अधिक आत समुद्रात नेऊन सोडल्या आहेत. पावसाळी गटारे मात्र अगदी काठाशीच उघडतात.

या पाण्याने काठावरील अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या, प्राण्यांचे काय होते? मासा पोहून दूर जाऊ शकतो. खडकाला चिकटलेल्या कालवाला जाता येत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गटाराच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा लोंढा आला म्हणजे हे प्रमाण एकाएकी उतरते. कालव आपले शिंपले घट्ट मिटून काही दिवस तग धरते. पण त्या काळात त्याला खाता येत नाही. तारामाशाला मिटून घेण्यासारखे कवच नाही, आणि अंगातील क्षारांचे प्रमाण राखण्याची शक्तीही नाही. असे पाणी फार काळ टिकले तर तो मरतो. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ खडकांवर बसतो. प्रवाळ आणि स्पंज त्याखाली गुदमरतात. लहान पिल्लांना चिकटून राहावयास स्वच्छ दगड उरत नाही.

तांब्याची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत, ते समुद्रातील जीवांनी तळ पोखरू नये किंवा त्यावर वस्ती करू नये म्हणून. जे तांबे जहाजाचे रक्षण करण्याइतके विषारी, तेच अल्प प्रमाणात का होईना गटारातून आले, तर कालवांच्या व शंखांच्या सूक्ष्म पिल्लांना ते घातक ठरते. कुजणाऱ्या घाणीवर जीवाणू वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. घाणीतल्या खताने हिरवे शेवाळ माजते व खडक झाकून टाकते.

याचा अर्थ सारे जीव नाहीसे होतात असा मात्र नव्हे, आणि येथेच पाहणारा फसतो. गटाराच्या मुखाजवळचा चिखल मूठभर उचलला, तर त्यात वळवळणारे लहान किडे शेकड्यांनी सापडतात. जीवसृष्टी भरपूर आहे असे वाटते. परंतु ते बहुधा दोनचार जातींचेच असतात. कॅपिटेला नावाचा बारीक लाल किडा तर अशा जागांची खूण म्हणून जगभर ओळखला जातो. जेथे प्राणवायू कमी आणि घाण अधिक, तेथे तो सुखाने वाढतो. बाकीचे नाहीसे होतात. माहीम, वर्सोवा व ठाणे येथील खाड्यांच्या चिखलाची शास्त्रज्ञांनी वेळोवेळी पाहणी केली, तेव्हा जेथे घाण अधिक, तेथे जाती कमी व असे किडे फार, हाच प्रकार आढळला. जीव किती आहेत यापेक्षा किती प्रकारचे आहेत, हे येथे मोजावे लागते.

माणसाचे आरोग्यही यात गुंतलेले आहे. कालवे व तिसऱ्या पाणी गाळून त्यातील कण खातात; एक मोठे कालव तासाभरात कित्येक लिटर पाणी गाळू शकते. त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात. १८९४ साली, आत्माराम हयात असतानाच, अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील एका महाविद्यालयात घाण पाण्यातील कच्ची कालवे खाऊन अनेक विद्यार्थ्यांना विषमज्वर झाला होता. तेव्हापासून कालवांच्या जागेचे पाणी तपासणे हा डॉक्टरांच्या विद्येचाही भाग झाला.

तरी गटारांवाचून मुंबईचे चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, व पुरात शेकडो माणसे दगावली. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी गटारांची तोंडे बंद करते आणि शहरातील पाणी तुंबते. म्हणून त्यानंतर हाजी अली, वरळी अशा ठिकाणी मोठे पंप बसविण्यात आले. ते भरतीतही पाणी बाहेर फेकतात. रस्ते लवकर मोकळे होतात. गाळ व घाण तितक्याच लवकर खडकांवर पोहोचते. शहर वाचवावे की किनारा, असा हा पेच दिसतो. पण मैला पावसाळी गटारात शिरू न देणे, पहिल्या पावसाआधी गटारे उपसणे, केरकचरा तोंडाशी जाळ्या लावून अडविणे, पाणी मुरण्यास थोडी जमीन मोकळी ठेवणे, या उपायांनी दोन्ही साधू शकतात. ते खर्चाचे व चिकाटीचे आहेत, इतकेच.

आणि ते साधले की नाही, हे पुन्हा किनाऱ्यावर वाकूनच पाहावे लागते. १९४९ व १९५२ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात सुब्रह्मण्यम, करंदीकर व मूर्ती या अभ्यासकांनी येथल्या शिंपल्यांच्या व शंखांच्या नव्या याद्या छापल्या. २०१७ पासून मुंबईतील काही हौशी नागरिक ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर मुलामाणसांना घेऊन फिरू लागले. त्यांनी टिपलेल्या जीवांच्या जाती शेकड्यांनी भरतात. त्यांत समुद्रफुले आहेत, प्रवाळ आहेत, अष्टपाद आहेत. एवढ्या घाणीतही इतके उरले आहे, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. काय गेले, हे मात्र नुसत्या नव्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी १८९३ ची यादी उघडावी लागते. शंखांची शास्त्रीय नावे मधल्या काळात बरीच बदलली आहेत. म्हणून आधी जुने नाव आणि नवे नाव एकेक करून जुळवावे लागते, आणि मग ओहोटीची वेळ पाहून पुन्हा त्याच खडकांवर उतरावे लागते.